बाळंतपणाच्या रजेचा पगार कुणी द्यायचा? कामगार कायदे, घरचे कायदे आणि समानता

तिसरी_पाळी
चाकण भागात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एचआरमध्ये आहे. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्या, तेव्हापासून रजिस्टरं, नेमणूकपत्रं, फॉर्म बदलण्याची धांदल चालू आहे. त्या निमित्ताने संहिता नीट वाचल्या. शेजारी संयुक्त राष्ट्रांचा १९७९ चा स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबाबतचा करारही ठेवला होता, ज्याला सगळे सीडॉ म्हणतात. भारताने तो १९९३ मध्ये मान्य केला. त्यातलं कलम ११ नोकरीबद्दल आहे आणि कलम १६ लग्न व कुटुंबाबद्दल. मान्य करतानाच आपण सांगून ठेवलं की कुठल्याही समाजाच्या घरगुती कायद्यात त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हात घालणार नाही. म्हणजे कारखान्याच्या दारापर्यंत समानता मान्य, घराच्या उंबऱ्यापुढे जपून. माझ्या मते इथेच घोळ आहे, कारण बाई तीच असते.

संहितांमध्ये चांगलं बरंच आहे. पगारात आणि भरतीत लिंगावरून भेद करायचा नाही. रात्रपाळी तिच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटींसह. नोकरदार बाईच्या 'कुटुंबा'त आता तिच्यावर अवलंबून असलेले सासू-सासरेही धरलेत. पण प्रसूती रजा २६ आठवड्यांची आणि ईएसआयच्या (कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या) बाहेर असलेल्या बाईचा सगळा पगार तिच्याच मालकाने द्यायचा, हे २०१७ सालच्या दुरुस्तीत होतं तसंच राहिलं. खाजगी नोकरीतल्या बापासाठी एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात.

मी जे रोज बघते ते सांगते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, नुकतंच लग्न झालेली, डिप्लोमा झालेली मुलगी येते. गुण चांगले, मशीनची माहिती चांगली. मुलाखत संपली की खात्याचा साहेब फाईल माझ्याकडे सरकवतो आणि म्हणतो, "चांगली आहे, पण बघा बुवा." ह्या 'बघा बुवा'ला कुठल्याही कायद्यात पकडता येत नाही. मला फार राग येतो.

प्रश्न असा: एकच कलम आधी बदलायचं तर तुम्ही कोणतं बदलाल? कामाचं की घरचं? आणि का?

चाफा
बापाची रजा. डोळे मिटून. माझ्या सिझेरियननंतर नवऱ्याने किरकोळ रजा जोडून जोडून चार दिवस काढले, पाचव्या दिवशी साहेबांचा फोन. बाळाचं सगळं आईनेच करायचं, हे तिथेच ठरून जातं. नंतर कितीही समजूतदार नवरा असला तरी कुठल्या डब्यात लंगोट आणि कुठल्या डब्यात औषध हे त्याला विचारावं लागतं.

भोसरीकर_वर्कशॉप
दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. माझं छोटं युनिट आहे, पंधरा माणसं. दोन मुली सीएनसी मशीनवर आहेत, दोघी उत्तम. एकीची रजा लागली. तिचा पगार महिना ३०,०००, म्हणजे सहा महिन्यांचे १,८०,०००. तिच्या जागी माणूस घेतला, त्याचा पगार वेगळा. मोठ्या कंपनीला ही रक्कम जाणवत नाही, मला त्या वर्षी बँकेचा हप्ता पुढे ढकलावा लागला. तिने रजा घेतली ह्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, माझ्याही मुली आहेत. पण मूल देशाचं म्हणता आणि बिल एकट्या वर्कशॉपवाल्याला पाठवता. मग पुढच्या भरतीत माणूस काय विचार करेल ते धागाकर्तीने लिहिलंच आहे.

काळा_डगला
@भोसरीकर, तुमची अडचण खरी. पण "परवडत नाही" हे कारण कोर्टात टिकत नाही हेही लक्षात असू द्या. १९८७ चा मॅकिनन मॅकेन्झीचा निकाल आपल्या मुंबईतलाच. कंपनीत स्त्री स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता. कंपनी म्हणाली युनियनशी करार झालाय, शिवाय आमची आर्थिक स्थिती बरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कारणं बाजूला ठेवली. १९७६ चा समान वेतन कायदा मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असं स्पष्ट सांगितलं. पगाराला जे लागू, तेच रजेलाही.

भोसरीकर_वर्कशॉप
कोर्टात मी जाणारही नाही. मी पैसे दिलेत. मी फक्त म्हणतोय की भार एकट्यावर का.

ऱ्हाईनकाठ
भोसरीकरांच्या प्रश्नाला इथे जर्मनीत एक उत्तर आहे. माझी स्वतःची दोन्ही बाळंतपणं इथलीच.

बाळंतपणाआधी सहा आणि नंतर आठ आठवडे कायद्याचं संरक्षण असतं. त्या काळात आरोग्य विमा रोज १३ युरोपर्यंत देतो, उरलेला पगार मालक देतो. आणि मालकाने दिलेले ते पैसे त्याला विम्याकडून परत मिळतात. त्यासाठी सगळे मालक दरमहा ठरावीक वर्गणी भरतात, यू-टू म्हणतात तिला. ज्याच्याकडे एकही बाई कामाला नाही तोही भरतो. त्यामुळे बाई कामावर ठेवली म्हणून अंगावर खर्च पडला, असं कुणाला म्हणता येत नाही. त्यापुढचा पालकभत्ता सरकारच्या तिजोरीतून येतो. एकूण चौदा महिने मिळतात, पण दोघांपैकी एकाला जास्तीत जास्त बाराच. दुसऱ्याने किमान दोन घेतले नाहीत तर ते दोन बुडतात. त्या दोन महिन्यांनी इथले बाप बागेत बाबागाडी ढकलताना दिसू लागले.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर लावतात, त्यामुळे कमी पगाराच्या जोडीदाराच्या हातात अगदी थोडं उरतं. तो जोडीदार बहुतेक घरांत बाईच. मग ती अर्धवेळ काम धरते आणि म्हातारपणी तिची पेन्शनही अर्धी. आणि १९७७ च्या सुधारणेपर्यंत पश्चिम जर्मनीच्या नागरी संहितेत लिहिलेलं होतं की घरची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी. धागाकर्ती म्हणते तसं, घरचा कायदा आणि कामाचा कायदा इथेही एकमेकांचे पाय ओढत होते.

तिसरी_पाळी
@ऱ्हाईनकाठ, हे फार कामाचं सांगितलंत. आपल्याकडेही हे तत्त्व आहेच की! ईएसआय. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के, आणि २६ आठवड्यांचा पगार महामंडळ देतं. आमच्या शॉपफ्लोअरवरच्या ज्या मुली ईएसआयमध्ये आहेत त्यांच्या रजेबद्दल साहेब कधी कुरकुरले नाहीत. पण मर्यादा २१,००० ची. पगार २२,००० झाला की बाई त्यातून बाहेर आणि सगळा भार मालकावर. म्हणजे बढती मिळालेली मुलगीच नकोशी होते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षणाचा करार हेच सांगतो, की रजेच्या पैशाचा थेट बोजा एकट्या मालकावर टाकू नये. आपण तो स्वीकारलेला नाही.

दुपारचा_चहा
नवऱ्याला दोन महिने रजा मिळाली तर आमची आजी म्हणेल, "आता मला दोन बाळांचं करावं लागणार." पण आजी, शिकवून तयार कर की त्याला! चाफाला +१.

वाचनमात्र_होतो
बाबासाहेबांचं नाव अजून कसं आलं नाही? १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला आलं तेव्हा गिरणीमालकांच्या बाजूने हाच भोसरीकरांचा मुद्दा मांडला जात होता. डॉ. आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा देताना सांगितलं की आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा. मात्र मालकाला त्यातून पूर्ण मोकळं सोडायला ते तयार नव्हते, कारण बाईला कामावर ठेवण्यात त्याचाही फायदा असतो. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. म्हणजे शंभर वर्षं होत आली, आपण त्याच प्रश्नावर आहोत.

भोसरीकर_वर्कशॉप
@वाचनमात्र, हे मला माहीत नव्हतं. सरकार, सगळे मालक आणि कामगार मिळून निधी करत असतील तर माझी वर्गणी पहिल्या दिवशी भरतो.

बांधावरचा
सगळं वाचलं. चर्चा चांगली आहे, पण तुमची ही सगळी बाई हजेरीपटावरची आहे. मी बीड जिल्ह्यातला, घरात ऊसतोडीची दोन पिढ्या. आता आमच्या बाईचं ऐका.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो. उचल 'कोयत्या'ला मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पैसे नवऱ्याच्या हातात, अंगठा किंवा सही नवऱ्याची. त्या पैशातून पोरीचं लग्न, जुनी देणी, जे काय असेल ते भागतं आणि मग दोघांनी मिळून हंगामभर फेडायचं. तो ऊस तोडतो. ती तोडतेही, साळते, मोळी बांधते आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. पहाटे चारला उठून भाकरी तिनेच थापायच्या. एक दिवस कुणी आजारी पडलं तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत खाडा नको, बाळंतपणात खाडा नको. माझ्या चुलतीने सातव्या महिन्यात मोळ्या वाहिलेल्या मी पाहिल्यात.

ऊसतोडीच्या बायकांची गर्भाशयं काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तेव्हा सगळ्या वाहिन्या आमच्या तांड्यावर आल्या होत्या. लोक आधी ऑपरेशनवर बोलले. त्यामागचा खाडा आणि कोयता ह्यावर फार थोडे बोलले.

आता तुमचा कायदा बघा. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलं असलं की प्रसूती लाभ. आमची बाई हंगामात ८० च्या कितीतरी वर दिवस भरते. पण दाखवणार कशावर? तिच्या नावाची हजेरी कुठेच नाही. कारखाना म्हणतो ती मुकादमाची माणसं. मुकादम म्हणतो मी स्वतःच कारखान्याचा माणूस. समान वेतनाचं काय विचारता? जोडीचा हिशेब एकत्र, त्यात तिचा वाटा किती हे तिलाही माहीत नाही आणि नवऱ्यालाही नाही.

तेव्हा एकच बदल विचारत असाल तर माझा हा: कोयता मोडा. प्रत्येक माणसाची हजेरी आणि मजुरी त्याच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यात.

चाफा
@बांधावरचा, ह्यावर काय लिहू कळत नाही. तुमच्या चुलतीला नमस्कार सांगा.

रोहयोवाला
बांधावरच्या दादांचं म्हणणं अशक्य अजिबात नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखाली आपल्याच राज्याने लाखो बायकांची हजेरी मस्टरवर घेतलीय. कामाच्या जागी पाळणाघर आणि पिण्याचं पाणी देणं बंधनकारक होतं, बाई-बाप्याला दर एकच. कागदावरचं सगळं झालं असं म्हणणार नाही, झाडाला बांधलेली झोळी हेच पुष्कळदा पाळणाघर असायचं. पण मस्टरवर नाव असल्यामुळे बायका तहसीलवर मोर्चा नेऊ शकत होत्या. नाव नसेल तर भांडायचं कशाच्या जोरावर?

आशा_गटप्रवर्तक
त्यात आमचंही जोडा. आम्ही दुसऱ्यांच्या बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री जातो, स्वतःच्या बाळंतपणाला आम्हाला कामगार म्हणून रजा नाही, कारण सरकार आम्हाला स्वयंसेविका धरतं. अंगणवाडीच्या ताईंना निदान २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. स्वतः सरकारच असा मालक असेल तर खाजगीला काय सांगणार?

काळा_डगला
मी घरच्या कायद्याकडे वळते, कारण मूळ प्रश्नात तो होता आणि सगळे तो टाळताहेत.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ वाचा. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या संपत्तीत आई, बायको, मुलं पहिल्या रांगेत. विधवा, निपुत्रिक बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेली संपत्ती आधी नवऱ्याच्या वारसांना जाते. तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यांच्या मागे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हे प्रकरण आलं. ती बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, नोकरीला लागली. तिने साठवलेला पैसा आणि भविष्य निर्वाह निधी कुणाचा, हा प्रश्न होता. न्यायालयाने सहानुभूती दाखवली, पण कलमात लिहिलंय तसा तो सासरच्या वारसांना गेला.

आता सांगा, समान वेतन मिळवून उपयोग काय? कामाचा कायदा म्हणतो पगार तिचा, घरचा कायदा म्हणतो तिच्यामागे सासरचा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नोकरदार मुलीला मी सांगते: आज मृत्युपत्र कर, दोन साक्षीदार बोलाव, आणि पीएफचं नामनिर्देशन तपास. पण कलम १५ बदलेपर्यंत हा तात्पुरता उपाय आहे. माझं मत कलम १५ ला.

सातबारा
वकीलबाई, कलम १५ शी सहमत. पण मुलीच्या समान हिश्श्याबद्दल गावाकडची बाजू कुणी मांडत नाही. दोन एकर कोरडवाहू जमीन. बहिणीच्या लग्नात अर्धी गहाण पडली, ती भावाने सोडवली. आई-वडिलांचं आजारपण भावाने आणि वहिनीने काढलं. मग बहीण समान वाटा मागते तेव्हा भावाच्या पोटात गोळा येणारच.

चाफा
@सातबारा, लग्नात गेलेले पैसे कुणाच्या खिशात गेले? मंडपवाल्याच्या आणि सासरच्या. बहिणीच्या नावावर एक रुपया तरी पडला का? आणि आजारपण वहिनीने काढलं म्हणता, मग त्या वहिनीचं नाव सातबाऱ्यावर आहे का?

सातबारा
नाही. माझ्या बायकोचं नाव नाही. ते लावता येतं हे मला ठाऊक आहे, तलाठ्याकडे जातो.

रोहयोवाला
जरूर जा. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती चालवली होती, नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर केला. आमच्या भागातल्या काही बायका आजही त्या जमिनीच्या जोरावर उभ्या आहेत.

काळा_डगला
कायद्याचं पण सांगून टाकते, कारण अर्ध्या लोकांना १९९४ आणि २००५ मधला फरक माहीत नसतो. महाराष्ट्राने केंद्राच्या अकरा वर्षं आधी मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत लग्नाची ती अट नाही. आणि ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं झालं. इतकं होऊनही वडिलांच्या तेराव्यानंतर हक्कसोडपत्र समोर येतं आणि बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. कायद्याने तिला वाटा दिला, माहेरी पाठ टेकायची जागा मात्र त्या सहीवर टांगून ठेवलीय.

मांडवी
गोंयच्यान नमस्कार. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून लग्न झालं की दोघांची मालमत्ता सामायिक, वेगळा करार केला नसेल तर. घर विकायला दोघांची सही लागते. मृत्युपत्राने फक्त अर्धी मालमत्ता हवी त्याला देता येते, उरलेली अर्धी हक्काच्या वारसांचीच, मग मुलगा असो की मुलगी. आयकर कायद्यातही कलम ५ए होतं, त्यात पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं-अर्धं धरलं जायचं. माझ्या आईने शेवटपर्यंत "माझं अर्धं आहे" हे ठसक्यात सांगितलं. तो आत्मविश्वास कायद्याने दिला.

पण गोवा म्हणजे आदर्श, असं कुणी म्हटलं की मला थांबवावंसं वाटतं. १८८० च्या फर्मानात हिंदू पुरुषाला बायकोला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर दुसऱ्या लग्नाची मुभा होती. व्यवहारात ती मेलेली आहे, पण कायदा लिहिणाऱ्यांनी बाईकडे कसं पाहिलं ते त्यात दिसतं.

रात्रपाळीची_नर्स
रात्रपाळीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. संमती म्हणे. रुजू होताना पंधरा कागदांवर सह्या घेतात, त्यात संमतीचा कागद असतो. नाही म्हणालं तर नोकरीच नाही. पण बंदी घाला असंही मी म्हणणार नाही. रात्रीचा भत्ता माझ्या मुलाची फी भरतो. नर्सा रात्रपाळी आधीपासून करतच आलोत, त्याची काळजी कुणाला नव्हती. मला दोनच गोष्टी हव्यात: पहाटेची गाडी घराच्या दारापर्यंत, आणि संमती दर सहा महिन्यांनी नव्याने, कारण परिस्थिती बदलते. माझ्या मैत्रिणीच्या सासू अंथरुणाला खिळल्या, तिला पाळी बदलून मिळाली नाही, तिने नोकरी सोडली.

दुपारचा_चहा
अवांतर: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी लागतं. भाचीच्या दाखल्यावर बघून वहिनी इतकी खूश झाली की तिने त्याची झेरॉक्स काढून फ्रीजवर लावलीय. भाऊ म्हणतो, "माझं नाव आहे ना खाली? मग ठीक."

तिसरी_पाळी
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येते. मला स्वतःला आता दोन गोष्टी एकत्रच हव्याशा वाटतात. पहिली, प्रसूती आणि बापाची रजा, दोन्हींचा पगार एका सामायिक निधीतून, पगाराची मर्यादा न ठेवता. दुसरी, बांधावरच्या दादांनी सांगितलेली स्वतंत्र हजेरी. ती नसेल तर निधी असून ऊसतोडणीच्या बाईला त्याचा उपयोग नाही. कलम १५ साठी वकीलबाई मसुदा लिहिणार असतील तर सही करणाऱ्यांत मी पहिली.

@बांधावरचा, तुमच्याकडच्या बायकांशी बोलून एक कराल का? पैसे वेगळ्या खात्यात आले तर घरात काय अडचण येईल असं त्यांना वाटतं, ते इथे लिहा. आपण परस्पर ठरवायला नको.

बांधावरचा
चुलतीला आत्ताच फोन केला. ती म्हणाली, "खातं माझ्या नावावर कर, पण एटीएम कार्ड माझ्याकडेच राहील असं पण लिही. नाहीतर ते कार्ड बी मुकादमाकडंच जातंय." बाकीच्या बायकांना रविवारी विचारतो. हंगाम चालू आहे, तोवर त्यांना वेळ नाही.

काळा_डगला
कार्डाचं नोंदवून घेते. आपल्या मागण्यांच्या मसुद्यात ते पहिल्या पानावर घालू. भोसरीकर, लघुउद्योजकांच्या संघटनेकडून निधीच्या बाजूने एक पत्र मिळेल का? मालकांकडून मागणी आली तर सरकारी खातं लवकर वाचतं.

भोसरीकर_वर्कशॉप
पुढच्या बैठकीत विषय ठेवतो. तीन-चार जण तरी तयार होतील. मसुदा पाठवा.